२१२ घमेली माती

शेजारच्या आबांच्या कुणग्यातून, म्हणजे भाताच्या खाचरातून, मी २१२ घमेली माती उचलली. मोजून. जुलै २०२० चा दुसरा आठवडा होता, भाताची लावणी होऊन दहा दिवसही झाले नव्हते, आणि आमच्या उताराच्या भरडावरून सुटलेल्या लाल चिखलाखाली त्यांचा अर्धा कुणगा गाडला गेला होता. आबा मेरेवर, कुणग्याच्या बांधावर, इरलं घेऊन उभे होते. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "ही माती तुझी आसा. माका नको. घेवन जा."

चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सासूबाईंनी शेजारणीकडून उरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, मागून आणला आणि आम्ही दोघींनी ती पट्टी पुन्हा लावली. त्या चार दिवसांत मला जेवढी शेती कळली तेवढी त्याआधीच्या वर्षभराच्या वाचनात आणि व्हिडिओंत कळली नव्हती.

माझं सासर देवगड तालुक्यात. वर कातळाचा सडा, सड्याखाली उताराची भरड जमीन, तिच्याखाली भाताचा मळा, मळ्याच्या कडेने व्हाळ, आणि व्हाळ पुढे खाडीला. भरड तीन एकर. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा सासऱ्यांनी तिच्यावर काजू लावला होता. त्यातला अर्धा जगला. उरलेल्या जागेत करड गवत, मुरूम आणि पावसाने पाडलेल्या घळी. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली नऊ मुंबई-ठाण्यात.

मी तिथलीच. बावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. मुलगी शिकायला बाहेर गेली, नवऱ्याची नोकरी ठाण्यात, सासूबाई गावात एकट्या. म्हणून मे २०१९ मध्ये 'वर्षभर राहून बघू' म्हणत आले. विहिरीचा तळ दिसत होता आणि सासूबाई रोज दोन कळशांसाठी खालच्या वाडीत जात होत्या.

आमच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे एकरामागे सव्वा कोटी लिटरच्या जवळपास. एवढं पाणी अंगावरून गेलेल्या घरात मे महिन्यात कळशी मोजायची वेळ येते. मी नकाशावाली बाई, मला वाटलं हा नुसता मांडणीचा प्रश्न आहे. जमिनीचा नकाशा नीट काढला की सुटेल.

सासूबाई म्हणाल्या, "पाणी काय तुझो कागद वाचून धावतला? एक पावस नुसतो बघ. हात लावू नको खयच."

तो पावसाळा मी खरंच नुसता बघितला. आजही कोणी विचारलं तर पहिलं हेच सांगते. जूनच्या पहिल्या सरी जमीन पिऊन टाकते, काहीच वाहत नाही. आठ-दहा दिवसांनी सड्यावरून पाणी सुटतं. ते तीनच जागांनी भरडावर उतरतं, बाकी सगळा उतार नुसता ओला असतो. मी त्या तीन जागांवर काठ्या रोवल्या. एका घळीत पाणी दुपारपर्यंत लाल, दुसरीत दिवसभर स्वच्छ. कारण दुसरीच्या डोक्यावर ऐन-किंजळीची जुनी राई आहे. त्या वर्षी पाऊस दिवाळीतही थांबेना. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात 'क्यार' वादळ झालं आणि मळ्यातलं कापलेलं भात शेतातच रुजलं.

डिसेंबरात खड्डे खणून बघितले. हात-हात खोल खड्डा, पाण्याने भरायचा आणि घड्याळ लावायचं. भरडाच्या वरच्या भागात पाणी वीस मिनिटांत गायब. खाली विहिरीजवळ तोच खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळीही अर्धा भरलेला. विहीर खणणाऱ्या एका गृहस्थांनी कारण सांगितलं. जांभा म्हणजे भोकं पडलेला दगड. पाणी त्यातून सरळ खाली जातं. त्याच्याखाली शेडीचा थर असतो, पिवळट-पांढरी चिकण माती. तिथे पाणी अडतं, तिच्या अंगावरून आडवं सरकतं आणि जिथे ती उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर येतं. आमची विहीर नेमकी त्या सांध्यावर. म्हणजे भरडावर मुरलेलं पाणी विहिरीत येतंच, पण घाईने येतं आणि जानेवारीपर्यंत बरंचसं खाडीला जाऊन मिळालेलं असतं.

इथवर माझं ठीक चाललं होतं.

मग मी तो व्हिडिओ बघितला. तो पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या चालीवर बेतलेल्या टिकाऊ शेतीचा. हा शब्द १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी घडवला. त्यातली एक लाडकी युक्ती म्हणजे समपातळीत खणलेला चर. तळ अगदी सपाट, खणलेली माती खालच्या अंगाला बांधासारखी, त्यावर झाडं. पाणी चरात थांबतं आणि जिरतं. आपल्याकडचं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' तेच. कोरड्या मुलखात, जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटर पडतो, तिथे ही युक्ती सोन्यासारखी आहे. मी ती जशीच्या तशी इथे उचलून आणली.

परवानगीची अडचण टाळेबंदीने सोडवली. एरवी गणपतीशिवाय न दिसणारे चुलत सासरे आणि दीर एप्रिल-मे २०२० मध्ये गावात अडकले होते. रोज संध्याकाळी खळ्यात बसायचे, कंटाळलेले. मी नकाशा पसरला, सगळ्यांनी माना डोलावल्या. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन टोकं दोन काठ्यांना बांधून एका दिराने आणि मी समपातळीच्या रेघा फक्कीने आखल्या. नळीची ही लेव्हल गवंडी रोज वापरतात. तिच्यापुढे महागड्या यंत्राची गरज नाही. त्यात बुडबुडा राहिला तर मात्र सगळं चुकतं, तेवढं बघायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जेसीबी मिळाला. दोन दिवसांत दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे पाचशे मीटर चर. मातीचे बांध ताजे, मोकळे, गवताची काडी नसलेले. पाऊस दारात. आबा येऊन बघून गेले. "ह्येंका तोंड खय आसा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तोंड नाहीच, पाणी आत थांबवायचं आहे. ते काही बोलले नाहीत.

जे गणित आधी करायला हवं होतं ते मी नंतर केलं. पाचशे मीटर चरात पाणी मावतं १ लाख ८० हजार लिटर. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर हवामान खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं, आणि जुलैत आमच्याकडे तसा एखादा दिवस निघू शकतो. दोनशे मिलिमीटर म्हणजे तीन एकरांवर एका दिवसात २४ लाख लिटर. माझे चर तेरा वेळा भरतील इतकं. वरून सड्याचं पाणी येतं ते वेगळं. बरंच जमिनीत जातं हे खरं, पण जुलैत जमीन आधीच तुडुंब असते. उरलेल्या पाण्याने जायचं कुठे याचं उत्तर माझ्या नकाशात नव्हतं.

पाण्याने ते स्वतः शोधलं. वरच्या चराच्या बांधात एक जागा चार बोटं खाली होती. तिथून पाणी सांडलं, सांडता सांडता बांध कापला, आणि आख्ख्या चराचं पाणी एकदम खालच्या चरात कोसळलं. तो त्याच रेषेत फुटला. मग तिसरा. रात्री दीडच्या सुमारास आवाज आला, दगड लोटल्यासारखा. उजाडल्यावर आबांचा कुणगा.

तर ते चार दिवस. घमेलं भरायचं, मेरेवरून चालत वर जायचं, ओतायचं, परत यायचं. दिवसातून पन्नासेक वेळा त्याच मेरेवरून चालल्यावर मला पहिल्यांदा मळा दिसला. म्हणजे दिसत होता रोज, पण नकाशा म्हणून दिसला नव्हता. प्रत्येक कुणग्याला पाणी सोडायला एक तोंड असतं, हातभर रुंद, तळाला दगड बसवलेलं. वरच्या कुणग्याचं तोंड उजव्या टोकाला, तर खालच्याचं डाव्या. पाण्याला प्रत्येक कुणगा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावा लागतो, मगच खाली उतरायला मिळतं. उतरताना दगडावर पडतं, मातीवर नाही. वरून धावत आलेलं पाणी व्हाळात पोचेपर्यंत इतकं दमतं की गाळ मागेच सोडून देतं. हे कोणी आखलं, कधी, माहीत असलेलं गावात कोणी नाही. सासूबाई म्हणाल्या, "आखूचा काय त्येत?"

दसऱ्यानंतर दुरुस्ती सुरू केली, या वेळी जेसीबीशिवाय. गावातली दोन माणसं, मी, आणि शनिवार-रविवारी नवरा, जो तोवर घरूनच काम करत होता. चरांचे तळ सपाट होते, त्यांना उतार दिला, अगदी डोळ्याला न कळणारा: वीस मीटरला चार इंच. चर तोडून तुकडे केले आणि प्रत्येकाला तोंड दिलं, एकाआड एक टोकाला, मळ्यासारखं. चिरेखाणीवर जांभ्याचे तुटके तुकडे पडलेले असतात. त्यांनी तोंडं बांधली आणि तोंडाखाली दोन हात लांब फरशी केली, पाणी पडायला. घळींमध्ये सुक्या दगडांचे बुटके गडगे घातले, गुडघ्याएवढेच. गडगा पाणी अडवत नाही. पाणी फटींतून जातं, माती मागे राहते. एका पावसाळ्यात मागची जागा भरली की वर आणखी एक थर चढवायचा. सिमेंट लावायचा मोह अनेकांना होतो. लावू नये. पाण्याला फट ठेवली नाही तर ते गडग्याला वळसा घालून काठ खातं.

बांधांवर वाळा लावला. त्याची मुळं सरळ खाली जातात, पसरत नाहीत, त्यामुळे शेजारच्या पिकाला त्रास नाही. मध्येमध्ये गवती चहा आणि अननस. अननस गुरं फार खात नाहीत, एवढ्यासाठी. भात कापून झालं की गावात गुरं मोकळी सुटतात आणि कुंपण नसलेली हिरवी गोष्ट ही सगळ्यांची असते, याचा हिशेब कुठल्याच व्हिडिओत नसतो.

२०२१ च्या १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. काजूची नऊ झाडं आणि आंब्याचं एक कलम मुळासकट पडलं. ते दुःख वेगळं; पण फांद्या-पाल्याचा एवढा ढीग मिळाला की सगळे चर आणि गडग्यांच्या मागच्या जागा त्याने झाकून निघाल्या. मग २२ जुलै आला. चिपळूण बुडालं, महाडजवळच्या तळियेची वाडी दरडीखाली गेली. आमच्याकडे पाऊस त्या मानाने कमी होता, तरी त्या रात्री मी बॅटरी घेऊन भरडावर गेले. तोंडातोंडांतून पाणी नागमोडी उतरत होतं, मातकट, पण लाल नव्हे. एक तोंड पाल्याने तुंबलं होतं ते हाताने मोकळं केलं. सकाळी आबांचा कुणगा स्वच्छ होता.

तळियेच्या बातम्या सासूबाई दिवसभर बघत होत्या. आमचं घर भरडाच्या एका बाजूला, आणि घराच्या पाठीमागचा उतार सगळ्यात उभा. तिथेही माझे दोन चर होते. जांभा आणि खाली शेडी, हा थर मी स्वतः खणून बघितलेला. शेडी भिजली की साबणासारखी होते, आणि वरून चरांतून आपणच तिला पाणी पाजायचं! पाऊस उघडल्याबरोबर ते दोन्ही चर बुजवले आणि सड्याकडून तिथे येणारं पाणी वरच्या वर वळवून राईच्या घळीत सोडलं. त्या उतारावर आता फक्त झाडं आहेत, आणि एकही तोडायची नाही असं घरात ठरलं आहे. कोकणात चर खणताना 'कुठे खणायचा नाही' हे आधी ठरवावं. घराच्या वर, गोठ्याच्या वर, उभ्या उतारावर नाही. जमिनीला भेग दिसली, झाडं कलली, नेहमीचा स्वच्छ झरा अचानक गढूळ झाला, तर चराचं बघत बसू नये, घर सोडावं.

मातीचं काम पाण्याच्या कामापेक्षा हळू आहे आणि त्यात सांगण्यासारख्या घटना कमी. माती तपासून आणली तेव्हा सामू, म्हणजे पीएच, ५.३ निघाला, माती आंबट. जांभ्या जमिनीत हे चालायचंच: पावसाने चुना धुऊन नेलेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलेलं, आणि ते स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धरून ठेवतात, झाडाला देत नाहीत. त्यावर आम्ही रॉक फॉस्फेट शेणखतात मुरवून घातलं. आम्लधर्मी जमिनीत ते हळूहळू विरघळतं. बाकी सगळा भर पाल्यावर. गिरिपुष्पाचे खुंट जूनमध्ये बांधावर ठोकले, दुसऱ्या वर्षापासून वर्षातून दोनदा छाटतो आणि पाला कलमांच्या बुंध्याशी घालतो. अगदी खोडाला टेकवून नाही, नाहीतर वाळवी लागते. नव्या लागवडीत काजूच्या वेंगुर्ला-४ जातीची कलमं, त्यांच्या ओळींमध्ये पावसाळ्यात ताग, पाऊस सरताना कुळीथ. पूर्वी सगळा पातेरा, म्हणजे गळलेला पाला, झाडून भाजावळीला, तरव्याची जागा भाजायला, जायचा. त्यावर सासूबाईंशी माझे वाद झाले. त्या म्हणतात, राखेशिवाय तरवा जोर धरत नाही, तण मरत नाही, आणि यात तथ्य आहे. राखेने जमिनीचा आंबटपणाही उतरतो. शेवटी मळ्यातल्या तरव्याच्या जागेपुरती भाजावळ त्यांची, भरडावरचा पातेरा माझा.

याच पातेऱ्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये दगा दिला. सड्यावरचं सुकलेलं करड पेटलं. कोणी पेटवलं कळलं नाही, दरवर्षी कोणीतरी पेटवतंच. आग उतरत भरडावर आली आणि मी प्रेमाने घातलेल्या आच्छादनावरून पळत गेली. १९ कलमं होरपळली, त्यातली सात परत फुटली. उघड्या मुरमावर आग थांबली असती. आता डिसेंबरातच सड्याच्या कडेने दहा हात रुंद जाळरेषा काढतो आणि सगळ्यात वरच्या ओळीला आच्छादन घालतच नाही.

उन्हाळ्याच्या पाण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जलकुंडाच्या धर्तीवर तीन खड्डे केले: चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल, आत जाड प्लास्टिकचा कागद, वर नारळाची झापं. एकात चार हजार लिटर. त्याच्यावर बारा लहान कलमं आठवड्याला दहा-दहा लिटर घेऊन जूनपर्यंत तगतात. पहिल्या वर्षी माकडांनी झापं उचकटली आणि कागदाला नखं मारली. आता वर काट्या असतात. डिसेंबरात व्हाळावर वाडी मिळून सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालते; त्यात माझं काही नाही, पण विहिरीचं श्रेय द्यायचं तर निम्मं त्याचं.

विहिरीचं मोजमाप असं: काथ्याच्या दोरीला हातहातावर गाठ, टोकाला दगड, दर १ मेला सोडायची. २०१९ साली पाणी नव्हतंच. २०२२ मध्ये दोन हात, पुढच्या वर्षी दीड, २०२४ मध्ये जवळजवळ तीन. ही वाढ माझ्या चरांमुळे असं मी छातीठोक म्हणणार नाही. पाऊस कधी सरतो यावर बरंच असतं. २०२५ ला तर मॉन्सून २५ मेलाच देवगडात उतरला, त्यामुळे सासूबाईंनी नेहमीसारखी मेअखेरची कळशी मोजलीच नाही.

मला जास्त विश्वास घमेल्यांवर आहे. पाऊस सरला की चरांत आणि गडग्यांमागे साचलेला गाळ काढायचा आणि वर कलमांना घालायचा. मोजायची सवय त्या जुलैपासून लागलेली. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने आकडे आहेत: २०२१ ला १६४, मग ९८, मग ७१, मग ४३. गेल्या वर्षी ५८. वाढले, कारण मेमध्येच पाऊस कोसळला तेव्हा बांधांवर गवत नव्हतं आणि तिसऱ्या चराचं तोंड गुरांनी पायदळी तुडवून मोडलं होतं.

गाळ काढत होतो तेव्हा आबा आले. मोडलेल्या तोंडापाशी उकिडवे बसले, फरशीचा एक चिरा हलवून बघितला, उलटा बसवायला सांगितला. मग चिमूटभर गाळ बोटांत चोळला. काळपट झालाय तो आता.

"धा घमेली माका दी," म्हणाले. "तरव्याक."

मी पाच दिली. कलमांनाही लागतो.